एका यंत्राची वंशावळ

सरकारी नोकरीत ज्याची हयात गेली त्याचा कागदावरचा विश्वास सहसा उडत नाही. एखादी वस्तू कोठली, केव्हाची, कोणाची असा वाद निघाला की आपला हात प्रथम फायलीकडे जातो. वस्तूच जवळ घेऊन पाहावी, हे शेवटी सुचते. काही वर्षांपूर्वी चेन्नईस बदलीवर असताना माझे असेच झाले. कागद सगळे पाहून झाले आणि मग एका मोटरसायकलचे इंजिन उलगडून पाहण्याची पाळी आली. त्या चार दिवसांत मद्रासच्या, किंबहुना साऱ्या देशाच्या, एका काळाचा जो इतिहास माझ्या समोर उघडला तो मी कोणत्याही अहवालात वाचला नव्हता.

प्रसंग तसा घरगुती होता. आमच्या वसाहतीत शेजारी राहणाऱ्या एका तमिळ सहकाऱ्याचे वडील पोलीस खात्यात होते. खात्याने मोडीत काढलेली साडेतीनशे ‘सीसी’ची एक रॉयल एनफील्ड बुलेट त्यांनी लिलावात घेतली होती आणि अखेरपर्यंत वापरली. ते वारल्यावर ती जिन्याखाली ताडपत्रीत पडून होती. मुलीच्या महाविद्यालयाच्या प्रवेशाला पैसे हवे होते म्हणून सहकाऱ्याने ती विकावयास काढली. बंगळूरहून जुन्या वाहनांचा एक शौकीन आला. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि सांगितले, “इंजिन रेडिचचे असेल तर तुम्ही म्हणता ती किंमत देईन, मद्रासचे असेल तर निम्मी.” वडील आयुष्यभर ‘विलायती मशीन’ म्हणत आले होते. तेव्हा प्रश्न निम्म्या रकमेचा होता आणि थोडा वडिलांच्या शब्दाचाही होता.

रेडिच हे इंग्लंडच्या वूस्टर परगण्यातील गाव. कारखानदारीच्या नकाशावर ते आले ते सुईमुळे. शिवणाच्या सुया आणि मासेमारीचे गळ यांचा तेथे पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा होता आणि गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात जगाच्या पुष्कळ घरांतील सुई रेडिचचीच असे. अशाच एका सुयांच्या कारखान्याने पुढे सायकली करावयास घेतल्या. १८९१ च्या सुमारास तो आल्बर्ट एडी आणि रॉबर्ट वॉकर स्मिथ या दोघांच्या हाती आला. त्यांना एनफील्ड येथील सरकारी बंदुकांच्या कारखान्याकडून सुटे भाग पुरविण्याचे काम मिळाले. त्या कामाच्या अभिमानाने त्यांनी आपल्या सायकलींना ‘रॉयल एनफील्ड’ हे नाव दिले आणि ‘बंदुकीसारखी घडविलेली’ हे ब्रीदही लावले. त्यांची पहिली मोटरसायकल १९०१ ची.

एनफील्ड हे नाव मात्र हिंदुस्थानात त्याच्या पुष्कळच आधी येऊन गेले होते. १८५७ साली ज्या काडतुसांवरून ठिणगी पडली ती १८५३ च्या नमुन्याच्या एनफील्ड बंदुकीची. इतिहासाच्या पुस्तकांत या बंदुकीची चरबी तेवढी उरली आहे. तिच्या जन्मस्थानी त्याच दशकात जे घडले ते यंत्रविद्येच्या दृष्टीने अधिक दूरगामी होते. अमेरिकेतून यंत्रे आणून एनफील्डच्या कारखान्यात अशी व्यवस्था केली गेली की एका बंदुकीचा घोडा कानस न लावता दुसऱ्या कोणत्याही बंदुकीत बसावा. तोवर प्रत्येक बंदूक म्हणजे एका कारागिराची एक कृती असे. तिचा भाग तिलाच बसे. भाग एकमेकांच्या जागी बसू लागले तेव्हा वस्तूचे आयुष्य कारागिराच्या आयुष्याहून लांबले. परंतु त्याबरोबर एक पेचही जन्मास आला. एकेक करून सगळे भाग बदलले गेले तर ती वस्तू तीच का? आमच्या जिन्याखालचा वाद या पेचाचाच एक वंशज होता.

मी प्रथम माझ्या सवयीप्रमाणे कागदाच्या मागे लागलो. नोंदणीचे पुस्तक होते. त्यावर इंजिनाचा क्रमांक होता. रेडिचच्या कारखान्यातून कोणत्या क्रमांकाची गाडी कोठे रवाना झाली याच्या खातेवह्या इंग्लंडातील मालकांच्या एका संघाने जपून ठेवल्या आहेत, असे कळले. पत्र लिहिले आणि उत्तरही आले: तो क्रमांक खातेवहीत आहे, पाठवणी मद्रासला, साल १९५५. मी विजयी मुद्रेने ते पत्र बंगळूरच्या गृहस्थांना कळविले. त्यांनी शांतपणे विचारले, “क्रमांक रेडिचचा आहे हे ठीक, पण तो ज्यावर ठोकला आहे ते धातूचे कवच आणि त्याच्या आतले सामान रेडिचचे आहे कशावरून?” जुन्या गाड्यांच्या बाजारात क्रमांक घासून नवे ठोकण्याचा उद्योग चालतो हे मला ठाऊक नव्हते.

तेव्हा इंजिन उलगडावयाचे ठरले. सहकाऱ्याच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री होते. सगळे त्यांना ‘अण्णा’ म्हणत. मीही म्हणू लागलो. तिरुवोत्तियूर येथील एनफील्डच्या कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. माझे तमिळ बाजारहाटापुरते आणि त्यांचे हिंदी त्याहून थोडे कमी. पण लोखंड समोर असले म्हणजे भाषेची फार अडचण पडत नाही.

अण्णांनी पहिल्यांदा इंजिनाला हात लावलाच नाही. त्यांनी पान्यांची पिशवी उलटी केली आणि त्यातले नेहमीचे मिलिमीटरचे पाने बाजूला सारून काही जुने, जाड पाने काढले. त्यांच्यावर अपूर्णांक कोरलेले होते. एकावर ‘पाव’ असे होते, पण त्याचे तोंड पाव इंचाचे मुळीच नव्हते. अर्ध्या इंचाहून थोडे जास्तच होते. यातली गंमत अशी की व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा नटाच्या डोक्याचा नसून आत जाणाऱ्या बोल्टच्या जाडीचा असतो. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचे एक प्रमाण सुचविले. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. त्याच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा. पुढे बारीक आट्यांचे आणखी एक प्रमाण निघाले, आणि सायकलवाल्यांनी आपले तिसरेच ठेवले. त्याचा कोन ६० अंशांचा. बुलेटच्या इंजिनात हे तिन्ही नांदतात. ॲल्युमिनियम मऊ असते, त्यात बारीक आटे टिकत नाहीत, म्हणून तेथे रुंद व्हिटवर्थ. पोलादाच्या जोडाला बारीक. एखाद्या ठिकाणी भलताच बोल्ट दिसला तर समजावे की येथे पूर्वी कोणाचा तरी अडाणी हात लागून गेला आहे. अण्णा आट्यांची पट्टी बोल्टला लावून उजेडासमोर धरीत आणि मग तो बोल्ट डाव्या किंवा उजव्या थाळीत टाकीत. उजवी थाळी ‘मूळची’, डावी ‘मागाहूनची’.

येथे एक गोष्ट आठवून मला हसू आले. वजनमापांचा दशमान कायदा आपण १९५६ साली केला. १ एप्रिल १९५७ पासून आण्यांऐवजी नवे पैसे आले. शेर-मण जाऊन किलो आले. कार्यालयांकार्यालयांतून त्याची परिपत्रके फिरली. त्याच १९५७ साली बुलेटची घडणावळीची सामग्री रेडिचहून मद्रासला येत होती, आणि तिच्याबरोबर इंच, सूत आणि व्हिटवर्थही येत होता. पुढे कित्येक दशके देशभर दूध लिटरने मोजले गेले, पण बुलेटचा नट अपूर्णांकाच्या पान्यानेच सुटत राहिला.

इंजिनाचे माथे उतरले. माथे ॲल्युमिनियमचे, त्याखालचे सिलिंडर बिडाचे आणि क्रँककेसच्या मुखात चांगलेच खोल रुतलेले. झडपा उघडणारे दांडे या सिलिंडरच्या अंगातच ओतलेल्या बोगद्यांतून वर जातात, त्यामुळे बाहेरून यंत्र साधे आणि सोवळे दिसते. ७० मिलिमीटर व्यास, ९० मिलिमीटर धाव. म्हणजे दट्ट्या जाड कमी आणि फिरतो लांब. बुलेटचा जो संथ, दमदार ठोका लोकांना प्रिय आहे त्यात या लांब धावेचा आणि जड चाकांचा वाटा मोठा आहे.

सिलिंडर वर उचलल्यावर दट्ट्या, म्हणजे पिस्टन, उघडा पडला. त्याच्या डोक्यावर काजळीचा जाड थर होता. अण्णांनी लाकडाच्या ढलपीने तो खरवडला (पोलादी हत्याराने खरवडले तर मऊ धातूवर ओरखडे उठतात) आणि रॉकेलचा बोळा फिरविला. खालून दोन आकडे उमटले: ४० आणि त्यामागे अधिकचे चिन्ह. याचा अर्थ सिलिंडर एकदा झिजून, कातून, मूळ मापाहून इंचाच्या चाळीस सहस्रांशांनी मोठे करून घेतलेले होते आणि त्या मापाचा नवा दट्ट्या घातलेला होता. दट्ट्या मद्रासच्या इंडिया पिस्टन्सचा. ही कंपनी १९४९ सालची. बंगळूरचे गृहस्थ त्या दिवशी आलेले होते. त्यांनी वहीत एक फुली केली.

मग उजव्या बाजूचे झाकण निघाले. त्यात वंगणाचे दोन छोटे पंप असतात; एक तेल पुढे धाडतो, दुसरा खाली साचलेले परत आणतो. दोघांनाही क्रँकच्या टोकावरची एकच सर्पिल गती देते. हा सर्पिल नट डाव्या आट्यांचा आहे, म्हणजे नेहमीच्या उलट फिरवून सुटतो. न जाणणाऱ्याने जोर केला तर तो सुटण्याऐवजी घट्ट बसतो आणि शेवटी तुटतो. तो उघडताना अण्णांनी एकदाही जोर लावला नाही. बुलेटला तेलाची निराळी टाकी नाही. क्रँककेसच्या ओतकामातच मागे एक कप्पा ठेवून तेथे तेल साठविले आहे. गिअरची पेटीही क्रँककेसच्या पाठीला थेट जखडलेली. ती आल्बियन या बर्मिंगहॅमच्या कारखान्याच्या धाटणीची आणि तिच्या अंगावर एक जादा लहानसा खटका, पायाने दाबला की गाडी थेट ‘न्यूट्रल’मध्ये येते. डाव्या बाजूचे साखळीचे मोठे झाकण एकाच मधल्या नटाने धरलेले आहे. एवढ्या मोठ्या झाकणाला एकच नट! मला ते धाडसाचे वाटले. अण्णांना शहाणपणाचे वाटत होते.

विजेच्या सामानात एक जुना ल्यूकसचा भाग निघाला. ल्यूकस ही बर्मिंगहॅमची कंपनी आपल्या मालावर घडणीचा महिना व साल ठोकीत असे. इतिहासकाराला असा उपकारकर्ता दुसरा नाही. साल ५५ होते. कार्ब्युरेटर अमलचा, ‘इंग्लंडमध्ये बनविलेला’ असे त्याच्या अंगावरच लिहिलेले. त्याचे हे नावसुद्धा एका विलीनीकरणाची खूण आहे: १९२७ च्या सुमारास तीन कार्ब्युरेटर कंपन्या एकत्र आल्या आणि ‘अमॅल्गमेटेड’चे ‘अमल’ झाले. वहीत दोन बरोबरच्या खुणा पडल्या.

पण पुढे बेअरिंगे निघू लागली. एक जयपूरच्या नॅशनल बेअरिंगचे. तेथे १९४६ साली कंपनी निघून १९५० मध्ये पहिले देशी बेअरिंग तयार झाले. दुसऱ्यावर एसकेएफची अक्षरे आणि ‘भारत’. एसकेएफ मूळ स्वीडनची, पण तिची बेअरिंगे पुण्याजवळ चिंचवडला १९६० च्या दशकापासून होऊ लागली. माझ्या मनात उगाच एक आपलेपणा दाटला; परमुलखात आपल्या गावचे नाव नसते, नुसती खूण असते, तरी पुरते. प्लग बंगळूरच्या मायकोचा. फुल्यांची रांग लागली. शौकीन गृहस्थ खिन्न झाले आणि माझा सहकारी त्यांच्याहून अधिक.

हे सामान देशी कसे झाले, यामागे एक धोरण होते आणि आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना ते आठवत असेल. स्वातंत्र्यापूर्वी परदेशी कंपन्या सुटे भाग जहाजाने आणून येथे जोडीत. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला असा कारखाना १९२८ पासून होता. १९५३ साली टॅरिफ कमिशनचा अहवाल आला आणि सरकारने ठरविले की ज्यांना येथे हळूहळू सर्व भाग घडवावयाचे असतील त्यांनीच राहावे. नुसती जोडाजोड पुरे. जनरल मोटर्सने पुढच्याच वर्षी शिवडीचे काम बंद केले. लष्कराला आणि पोलिसांना मात्र मजबूत मोटरसायकली हव्याच होत्या. १९५५ साली मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांनी मिळून एनफील्ड इंडिया स्थापन केली. प्रथम पेट्यांतून भाग येत आणि मद्रासला जोडले जात. १९५७ मध्ये साचे व हत्यारे आली. १९६२ च्या सुमारास जवळजवळ सर्व भाग येथेच होऊ लागले. आमच्या जिन्याखालचे यंत्र यातल्या पहिल्या तुकडीतले. ते पेटीतून आले तेव्हा सर्वस्वी रेडिचचे होते. मग सेवेत वर्षे गेली, दट्ट्या झिजला, बेअरिंगे वाजू लागली. आणि दर वेळी जेव्हा बदली भाग लागला तेव्हा तो भाग देशात कोठे तरी नुकताच होऊ लागलेला होता. पहिल्या दोन-तीन पंचवार्षिक योजनांचे आकडे आपण तक्त्यांतून पाहिले आहेत. येथे ते तेलात बुडालेले, झिजलेले आणि हाताला लागणारे असे ओळीने मांडलेले होते.

बंगळूरच्या गृहस्थांना मी हे सांगून पाहिले. ते सभ्य होते, म्हणाले, “आपले म्हणणे खरे, पण बाजार ‘मूळचे’ मागतो.” मूळचे म्हणजे काय, हा माझा आक्षेप. युद्धानंतर जर्मनीच्या डीकेडब्ल्यू कंपनीचे आराखडे नुकसानभरपाईत इंग्लंडला गेले आणि त्यांतून बीएसएची ‘बँटम’ निघाली. गिअरचा पाय इंग्रजी रिवाजाप्रमाणे उजवीकडे यावा म्हणून सगळे इंजिन आरशातल्यासारखे उलटे केलेले. ती इंग्रज गाडी म्हणून अभिमानाने विकली गेली. रेडिचचे तर आणखी पुढे झाले. तेथील कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनचे उरलेले कामही १९७० मध्ये संपले. मद्रासची बुलेट मात्र १९५५ च्या धाटणीवर चालतच राहिली आणि १९७७ पासून खुद्द इंग्लंडला जाऊ लागली. आज इंग्लंडातला कोणी गृहस्थ आपली जुनी रेडिचची बुलेट दुरुस्त करावयास काढतो तेव्हा पुष्कळ भाग त्याला भारतातूनच मागवावे लागतात. मग त्याचे इंजिन कोठले?

गृहस्थ हसले. त्यांनी क्रँककेस तेवढे निश्चित करण्यास सांगितले. अण्णांनी दोन्ही अर्धे वेगळे केले. क्रँककेसची दोन शकले एकत्र धरूनच भोके पाडतात, म्हणून ती जन्माची जोडी असते. एक बदलले तर क्रँक तिरपा बसतो आणि यंत्र थोड्याच दिवसांत स्वतःलाच खाऊ लागते. आमची जोडी अभंग होती. क्रमांकाच्या जागेवर कानशीचा मागमूस नव्हता, ओतकामाचा मूळ खरखरीतपणा कायम होता. कवच निःसंशय रेडिचचे ठरले.

राहिला तो मधला गाभा. दोन जड चाकांच्या मध्ये क्रँकपिन आणि तिच्यावर दांड्याचे मोठे टोक. इतर पुष्कळ यंत्रांत येथे रोलर असतात. बुलेटमध्ये एक पोलादी बुश असतो. त्याला आतून व बाहेरून पांढऱ्या धातूचे, म्हणजे कथिलाच्या मऊ मिश्रधातूचे, अस्तर. तो पिनेवरही सुटा आणि दांड्यातही सुटा. पिन फिरली की तोही तिच्या मागून, पण कमी वेगाने फिरतो, त्यामुळे घासण्याचा वेग दोन पृष्ठभागांत वाटला जातो. युक्ती सुंदर, पण तेल स्वच्छ पाहिजे. तेलात कचरा आला की मऊ अस्तर तो पोटात घेते आणि कालांतराने स्वतः संपते. ज्याच्या गाडीचा हा बुश टिकला त्याने तेल वेळेवर बदलले, हे प्रशस्तिपत्रक कोणाच्या सहीशिवाय मिळते.

अण्णांनी बुश हातात घेऊन बराच वेळ फिरविला, मग दुपारच्या उजेडात नेला. अस्तर पातळ झालेले होते, एके ठिकाणी काळवंडलेले होते, पण फाटलेले कोठेही नव्हते. पिनेवर नखाला लागेल असा एकही चर नव्हता. बुश मद्रासचाच; असले बुश आपण स्वतः तपासून पेटीत भरीत होतो, असे ते म्हणाले. नेमका हाच का, ते सांगता येणार नाही, हेही त्यांनी लगेच सांगितले. मग माझ्या सहकाऱ्याकडे वळून तमिळमध्ये काही बोलले. सहकाऱ्याने मला नंतर अर्थ सांगितला: “तुझ्या वडिलांनी हिला कधी उपाशी ठेवले नाही.”

बंगळूरच्या गृहस्थांनी शेवटी मूळ किमतीच्या पाऊणपट देऊ केले. कवच इंग्लंडचे, आतले येथले, असा त्यांचा हिशेब. सहकाऱ्याने एक रात्र मागितली आणि दुसऱ्या दिवशी नकार कळविला. प्रवेशाची रक्कम त्याने भविष्य निर्वाह निधीतून उचलली. तो अर्ज मीच लिहून दिला. अण्णांनी नव्या रिंगा, नवा बुश आणि ताजे तेल घालून इंजिन जुळविले. जुना बुश त्यांनी कागदात गुंडाळून सहकाऱ्याच्या हातात दिला, आणि तो आता त्याच्या वडिलांच्या पट्ट्याच्या बिल्ल्याशेजारी कपाटात आहे. नोंदणीच्या पुस्तकात घडविणाराच्या रकान्यात ‘एनफील्ड’ एवढेच लिहिलेले आहे. गावाचा रकाना त्या नमुन्यात नव्हताच.